नळीत थुंकून डाएट ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत डीएनए तपासून आहार ठरवा, असं सांगणारा लेख वाचला आणि कपाटातली माझी बत्तीस पानी रंगीत फाइल आठवली.

आम्ही दोघी जावा. एकच स्वयंपाकघर, एकाच परातीतली कणीक. दोन वर्षांपूर्वी दोघींनी मिळून रात्रीचा भात सोडला, चहातली साखर सोडली, पहाटे फिरायला लागलो. चार महिन्यांत जाऊबाईंचे नऊ किलो उतरले, माझे दोन. मी दुपारी चोरून खाते, असं घरात परस्पर ठरलंसुद्धा. (खात होते, पण मूठभर शेंगदाणे!) शेवटी लेकीनं साडेआठ हजार भरून एका कंपनीची नळी मागवली. तिच्यात थुंकायचं आणि कुरिअरनं पाठवायचं. निकाल आला : ‘एफटीओ’ जनुकाचा धोक्याचा प्रकार, सबब कर्बोदकं कमी करा. भाकरी बंद, किन्वा सुरू. तीन महिन्यांत दीड किलो. चिडचिड मात्र भरपूर.

मग भाच्याला कामाला लावलं आणि मूळ अभ्यास वाचून घेतले. एफटीओ हे थोतांड नव्हे. २००७ साली सुमारे ३९ हजार युरोपीय लोकांच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांना हा प्रकार आई आणि वडील दोघांकडून मिळतो, त्यांचं वजन सरासरी तीनेक किलो जास्त भरतं. अशांना पोट भरल्याची जाणीवही उशिरा होते म्हणतात. मला ते पटलं, कारण पंगतीत शेवटी उठणारी मीच. पण वजन वाढण्याकडे कल असणं वेगळं आणि ते कशानं उतरेल हे त्यावरून सांगणं वेगळं. २०१६ साली वजन उतरवण्याच्या आठ प्रयोगांतल्या साडेनऊ हजारांवर लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तर हा प्रकार असलेल्यांचं वजन इतरांइतकंच उतरलं होतं.

२०१८ चा अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचा प्रयोग तर थेट माझ्या फाइलवरच बोट ठेवणारा. वजन जास्त असलेली ६०९ माणसं, अर्धी कमी चरबीच्या आहारावर, अर्धी कमी कर्बोदकांच्या. वर्षभरात एका गटाचे सरासरी ५.३ किलो गेले, दुसऱ्याचे ६. डीएनएवरून ज्याला जो आहार ‘मानवेल’ असं वाटत होतं, तो मिळाल्यानं काही फायदा झाला नाही. गंमत म्हणजे दोन्ही गटांत कुणाचे पंचवीस किलोंहून जास्त उतरले, तर कुणाचं उलट वाढलं. आमच्या घरात झालं तेच.

म्हणजे जनुकांचा संबंधच नाही? तसंही नाही. क्लोद बूशार या संशोधकांनी कॅनडात एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्यांना आठवड्यातले सहा दिवस रोज हजार कॅलरी जादा खायला घातल्या. शंभर दिवसांत कुणाचं चार किलो वाढलं, कुणाचं तेरा. पण जुळी भावंडं बरीचशी एकमेकांसारखीच वाढली. हा अभ्यास १९९० चा. तेव्हा जाऊबाईंच्या आणि माझ्या अंगात फरक असेलही, पण तो असंख्य जनुकांत विखुरलेला. चार-दोन जनुकं पाहून भाकरी की भात हे सांगणं म्हणजे चार घरं पाहून गावाचा नकाशा काढणं.

शिवाय माझ्या फाइलमधले धोक्याचे टक्के युरोपीय लोकांवरून काढलेले. आपली शरीरं निराळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा दाखला दिला होता : दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २२.३, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी २१ टक्के, त्या गृहस्थांच्या ९. यातलं अक्षरही बत्तीस पानांत नाही.

संपादक महोदय, तक्रार एवढीच, की तुमच्या त्या लेखाखाली चाचणीवर सवलत देणारा कूपन कोड होता. मग वर ‘जाहिरात’ हा शब्द का नव्हता?

आपली,
एक नियमित वाचक, सांगली