दप्तरं राखणाऱ्या पोरांसाठी : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य.

सप्रेम नमस्कार.

पारोळा तालुक्यातल्या एका गावात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेला, कॅलिपर घालून काठीवर चालतो. त्यामुळे आजूबाजूच्या खेड्यांतले दिव्यांग त्यांची कामं माझ्याकडेच आणतात. यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, संजय गांधी निराधार योजना, एसटीची सवलत. बारा वर्षांत कितीतरी अर्ज भरले, पण खेळासाठीचा एकही भरला नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या शाळेत खेळाचा तास लागला की पोरं मैदानावर पळायची आणि मी लिंबाखाली बसायचो, सगळ्यांची दप्तरं आणि चपला राखत. गुरुजी मायाळू होते. "तू बस रे, दमशील," म्हणायचे. कबड्डीचे गुण मी मोजायचो, कोण कुठल्या बाजूनं चढाई करतो ते मला पाठ होतं. दहावीपर्यंत तसाच बसलो. दोन हात, उजवा पाय, छाती सगळं धडधाकट होतं, त्याला कधी काम मिळालंच नाही. आज चाळिशी ओलांडली, शुगर लागली, काठीच्या बाजूचा खांदा रात्री झोपू देत नाही. पोलिओनं एकच पाय नेला होता, साहेब. बाकीचं शरीर बसवून ठेवल्यामुळे गेलं.

गेल्या हंगामात कापूस वेचायला जाणारी एक माउली पोरीचा फॉर्म भरायला आली. पोर नऊ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे अंगावर नीट ताबा नाही. हातपाय ताठ, मान स्थिर राहत नाही. वेबसाइट चालत नव्हती म्हणून दोघींना तासभर बसावं लागलं. पोरीनं रद्दी कागदाचा बोळा केला आणि कोपऱ्यातल्या टोपलीकडे फेकला. चुकला. मी उचलून दिला. परत चुकला. सहाव्या वेळी आत पडला तेव्हा ती एवढ्या जोरानं ओरडली की बाहेरचे लोक डोकावले. आई म्हणाली, "भाऊ, तिले खेळानं भलतं येड शे." शाळेत खेळाच्या तासाला ती काय करते, विचारलं. वर्गात बसते.

तिच्यासारख्या मुलांसाठी बोचिया नावाचा खेळ आहे, पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या ऑलिम्पिकमध्ये खेळतात. सहा लाल चेंडू, सहा निळे, एक पांढरा. पांढऱ्याच्या जवळ आपला चेंडू टाकायचा, एवढंच. माझ्यासारख्यांसाठी बसून खेळायचं व्हॉलीबॉल आहे. मैदान 10 मीटर बाय 6 मीटर, पुरुषांची जाळी 1.15 मीटर उंचीवर. यातलं काय आमच्या शाळेला परवडणार नाही?

शहरातल्या घरात अशी मुलगी असती तर तिला फिजिओथेरपी मिळाली असती, पोहायला नेलं असतं. इथं जळगावच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं तर आईचा दिवसाचा रोज बुडतो, वर गाडीभाडं. दोनदा गेल्या, मग थांबल्या. तेव्हा शाळेतला खेळाचा तास हाच तिचा व्यायाम, आणि तोच तिला मिळत नाही.

जवळच्या एका गावात ओपन जिम झाली. ढोरं शिरू नयेत म्हणून फाटकाला लोखंडी पाइपांचं नागमोडी वळण दिलंय. माणूस तिरका होऊन आत जातो, तीनचाकी सायकल जात नाही. छातीच्या व्यायामाच्या यंत्रावर पायांचं कामच नसतं, पण त्याची सीट पक्की वेल्डिंग केलेली, म्हणून व्हीलचेअर आत सरकत नाही. एका बाजूची सीट बसवली नसती तर भागलं असतं. आणि सावली हवी. मणक्याला मार बसलेल्या माणसाला दुखापतीच्या खालच्या अंगाला घाम नीट येत नाही, म्हणून अंग थंड होत नाही, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 30 खेळातला सहभाग हा हक्क मानतं. कलम 16 शाळांना सांगतं की खेळाची संधी इतरांच्या बरोबरीनं द्या. सार्वजनिक इमारती सुगम्य करायची पाच वर्षांची मुदत 2022 मध्येच संपली.

पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये 2024 साली आपल्या खेळाडूंनी 29 पदकं आणली, तेव्हा मी दुकानात पेढे वाटले. आटपाडीच्या सचिन खिलारींचा गोळा लांब पडला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. पण फौजी मुरलीकांत पेटकरांचं बघा. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, बरं होण्यासाठी पोहायला लागले आणि 1972 ला जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकले. आधी व्यायाम मिळाला, पदक नंतर आलं. आमच्या पोरांना पदकाचं बक्षीस जाहीर होतं, पहिला चेंडू मात्र कोणी हातात देत नाही.

माझं मागणं मोठं नाही. क्रीडाशिक्षकांच्या प्रशिक्षणात दिव्यांग मुलांना कसं खेळवायचं हे सक्तीचं करा. ज्या मैदानाच्या, क्रीडा संकुलाच्या फाटकातून व्हीलचेअर जात नाही, त्याचं शेवटचं बिल थांबवा. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात, त्यातून खेळाचं साहित्य घेता येतं असं स्पष्ट पत्र ग्रामविकास खात्याकडून काढून घ्या. नाहीतर ग्रामसेवक ऑडिटला घाबरतात, हे मी जवळून पाहिलंय.

पोरीच्या शाळेत मी स्वतः जाऊन आलो. मुख्याध्यापक तयार आहेत, फक्त वरून लेखी हवं म्हणतात. ते पाठवा. चेंडू मी घेऊन देतो.

आपला,
एक दुकानदार
ता. पारोळा, जि. जळगाव