आजीचा पदर

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायचं म्हटलं की आई, तू आधी "जेवलीस का?" विचारतेस आणि माझं राहूनच जातं. म्हणून लिहितेय. आजीची पैठणी मी कापली. लगेच डोळ्यांत पाणी आणू नकोस, पुढं वाच.

२०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, ट्रंक चिखलात बुडाली, तेव्हाच पैठणी गेली होती गं. तू सावलीत वाळवून जपलीस, पण घडीघडीवर रेशीम विरलं होतं. उलगडायला गेले तर हातात पट्ट्याच आल्या. रफूवाल्या दोघांना दाखवली, दोघंही नको म्हणाले. तेव्हा कुठं कात्री लावली, तीही फक्त पदरापुरती.

पदर आता फ्रेममध्ये आहे. गोंदाचा थेंबही नाही. मलमलीवर बारीक टाक्यांनी धरलाय. पावसाळ्यात ओल धरून काचेला चिकटू नये म्हणून मध्ये बोटभर फट ठेवलीय, आणि भिंत ऊन न येणारी निवडलीय. डावीकडच्या मोराच्या पायाशी हळदीचा डाग आहे ना, माझ्या बारशाचा, तो पुसू दिला नाही. लहानपणी तू ट्रंक उघडलीस की मी तेवढाच डाग शोधायचे. अजूनही येता-जाता तिथंच बघते. धड राहिलेल्या काठाचं देवघराला तोरण केलंय. बाकीच्या चिंध्यासुद्धा मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवल्यात, काही टाकलं नाही.

बाबा, आजोबांची पोस्टकार्डं सुखरूप आहेत. शाई उडते म्हणून भिंतीवर रंगीत झेरॉक्स लावल्यात, पत्त्याची बाजूसुद्धा. मूळ कार्डं कपाटात.

दिवाळीला याल तेव्हा तुमचा पलंग त्याच भिंतीसमोर असेल, पडल्या पडल्या दिसेल सगळं. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलाय. चहा तुमच्याच वेळेला, साडेपाचला.

तोवर बाबा, माळ्यावर चढायचं नाही. उरलेले अल्बम मी येऊन काढेन. प्रेशरची गोळी नाश्त्यानंतर, विसरायची नाही. आणि आई, फाटलेल्या फोटोंना सेलोटेप लावू नकोस, ती पिवळी पडते आणि फोटो कायमचा जातो.

पदराखाली चिठ्ठी लावायचीय. आजीच्या लग्नाचं साल तेवढं आत्याला विचारून कळव.

तुमची,
छकुली