रूळ काढा, पण पूल राखा

संपादक महोदय,

बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून तयार केलेल्या सायकलमार्गावर माझे पती आणि मी नुकतेच दिवसभर ई-बाईकने फिरून आलो. जाऊन-येऊन 60 किलोमीटर झाले. त्या दिवसाचा आनंद आणि त्यातच आलेली एक मोठी अडचण, दोन्ही वाचकांपुढे मांडावेसे वाटते, कारण असे मार्ग आखणाऱ्यांनी वेळीच लक्ष घातले तर ती अडचण टळण्यासारखी आहे.

आम्ही दोघांनीही साठी ओलांडली आहे. पतींची सायकल कधी सुटली नाही. माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र चढ आला की मी मागे पडत असे, ते पुढे जाऊन वाट पाहत थांबत आणि मी धापा टाकत पोहोचेपर्यंत त्यांची विश्रांती संपून निघायची वेळ झालेली असे. ई-बाईकने हे अंतर मिटवले. आमच्या बाईकची मोटार पॅडल मारल्याशिवाय चालत नाही, त्यामुळे व्यायाम होतोच. पण तिची मदत किती घ्यायची, हे ज्याचे त्याला ठरवता येते. मी तिसऱ्या पातळीवर आणि ते पहिल्या, कधी मोटार पूर्ण बंद ठेवून, असे आम्ही दिवसभर शेजारी शेजारी चाललो. गप्पा मारत सायकल चालवण्याचा योग आम्हाला कित्येक वर्षांनी आला.

रेल्वेची जुनी वाट यासाठी इतकी सोयीची का, हे चालवताना चांगलेच कळते. पोलादी रुळांवर पोलादी चाकांची पकड कमी असते, त्यामुळे आगगाडीला उभा चढ झेपत नाही. म्हणूनच मार्ग बांधणाऱ्यांनी टेकड्या कापल्या, सखल जागी भराव घातले, दऱ्या पुलांनी ओलांडल्या आणि वळणे ऐसपैस ठेवली. न्यूझीलंडमधील ओटागो सेंट्रल रेल ट्रेल सुमारे 150 किलोमीटर लांब आहे आणि डोंगराळ मुलखातून जाते, तरी तिचा चढ 50 मीटरला 1 मीटर याहून तीव्र नाही. अशा वाटेवर बॅटरीही पुरते. संध्याकाळी परतलो तेव्हा माझ्या बॅटरीत एक तृतीयांश वीज शिल्लक होती.

मात्र निम्म्या वाटेवर नदी आली आणि वाट तुटली. मार्ग बंद झाल्यावर तिथला लोखंडी पूल काढून नेलेला आहे. दोन्ही काठांवरचे दगडी बांधकाम अजून भक्कम उभे आहे, मध्ये काही नाही. वाट भरावावरून 42 पायऱ्या उतरून खालच्या रस्त्याच्या पुलावर जाते आणि पलीकडे तितक्याच पायऱ्या चढून वर येते. साधी सायकल माणूस खांद्यावर घेऊ शकतो, पण आमच्या प्रत्येक ई-बाईकचे वजन 25 किलो आहे. बॅटऱ्या काढून पाठीवरच्या पिशव्यांत घातल्या आणि एकेक बाईक दोघांनी धरून उतरवली. पायऱ्यांच्या कडेने चाक सरकवण्यासाठी सिमेंटची पन्हळ केलेली आहे, परंतु ती कठड्याला इतकी चिकटून आहे की दर वेळी पॅडल कठड्यात अडकत होते. परतताना हेच पुन्हा करावे लागले. आम्ही दोघे होतो म्हणून निभावले. वरच्या पायरीपाशी तीनचाकी सायकलवर आलेले एक गृहस्थ होते; त्यांनी खाली वाकून पाहिले आणि ते तिथूनच मागे फिरले.

हा प्रश्न सुटू शकतो. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या मॉन्सल ट्रेलवरील बोगदे बरीच वर्षे बंद होते आणि लोकांना त्यांना वळसा घालून चढ-उतार करत जावे लागे. 2011 साली ते दिवे लावून खुले झाले आणि सपाट वाट अखंड झाली. अमेरिकेत तर बंद होणारा मार्ग तुकड्यातुकड्यांत विकला जाऊ नये, पुढे कधी रेल्वे परत आणायची झाल्यास तो हाताशी असावा आणि तोवर पायी व सायकलने जाणाऱ्यांना वापरता यावा, अशी कायद्यातच 1983 पासून सोय आहे. पूल भंगारात काढून मिळणारी रक्कम एकदाच मिळते, आणि त्याच जागी पुढे नवा पूल बांधायची वेळ आली तर ती कशालाच पुरत नाही.

म्हणून माझी विनंती आहे की मार्ग बंद करताना रूळ जरूर काढावेत, परंतु प्रत्येक पुलाची तपासणी होऊन तो पादचारी आणि सायकलींचा भार पेलू शकतो का, हे ठरेपर्यंत त्याला हात लावू नये. जिथे पूल गेलेलाच आहे, तिथे पायऱ्यांऐवजी सौम्य उतार करावा. मोटारसायकली रोखण्यासाठी वाटेच्या तोंडाशी जे लोखंडी आडवे दांडे बसवतात, त्यांतून लांब किंवा तीनचाकी सायकल जाईल एवढी फट ठेवावी.

पुढच्या महिन्यात आम्ही त्याच वाटेने पुन्हा जाणार आहोत. माझा गुडघा लक्षात घेऊन या वेळी नदीपर्यंतच जायचे ठरवले आहे.

आपली विश्वासू,
एक ज्येष्ठ वाचक