मेनपाशी उभ्या राहिलेल्या अण्णांना

अण्णा,

समोर कौतुक केलं की तुम्ही "बरं बरं" म्हणत गाडीला किक मारता. म्हणून हे लिहून टाकतोय.

दिवाळीनंतर जुळे सोलापुरातल्या आमच्या घराचं बाथरूम नव्याने करून घेतलं. टाइल्स झकास, नळ चकचकीत. जुना 15 लिटरचा गिझर परत भिंतीवर चढला आणि तिसऱ्याच दिवशी आईच्या हाताला नळातून झिणझिण्या आल्या. काम केलेल्या वायरमनला बोलावलं, तर म्हणतो, "ओल्या हाताला तेवढं होतंच." दुसरा आला. नळाला टेस्टर लावला, टेस्टर पेटला, आणि या गृहस्थांनी सांगावं काय? "आजींना रबरी चप्पल घालून आंघोळ करू द्या." वर 200 रुपये घेतले. तिसऱ्याने फोनच उचलला नाही. त्यातल्या त्यात तोच प्रामाणिक म्हणायचा.

एके दिवशी आईला चांगलाच झटका बसला. बादली कलंडली, ती भिंतीला टेकली म्हणून वाचली. त्यानंतर तिने बाथरूमचं नाव टाकलं. ऐन थंडीत गॅसवर पातेलं तापवून मागच्या मोरीत अंगावर चार तांबे घ्यायची आणि आम्हाला म्हणायची, "मला हेच बरं."

शेवटी चौथे वायरमन म्हणून तुम्ही आलात आणि आधी बोर्ड उघडलात. अर्थिंगची हिरवी वायर गुंडाळून, टेप मारून मागे कोंबलेली होती. कुठेच जोडली नव्हती. 2000 वॅटचा गिझर, म्हणजे जवळपास 9 अँपिअर, तो 6 अँपिअरच्या लाइनवर. बोअरच्या पाण्याने एलिमेंटवर खडूसारखा थर, त्याखाली एलिमेंट तापून तडकलेलं, त्यातून करंट गळतोय, आणि त्याला जमिनीत जायला वाट ठेवलेली नाही. मग तो आईच्या अंगातून जाणार नाही तर काय! मी आधीच्या माणसाला शिव्या घालत होतो. तुम्ही एवढंच म्हणालात, "घाई झाली असेल त्याला." मला एवढं मोठं मन नाही, अण्णा. एक टेप मारायला वेळ होता ना त्याला?

पुढचं सगळं, नवी वायर, एलिमेंट, करंट गळला की आपोआप लाइन तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, ते पैसे देऊन कुणाकडूनही झालं असतं असं समजू. पण निघताना तुम्ही आईकडे बघितलंत. ती मान डोलवत होती, तरी बाथरूमच्या उंबऱ्याच्या अलीकडेच उभी होती. आमच्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला बेल वाजली. कानाला मफलर गुंडाळून तुम्ही दारात. "अक्का, आज यात्रेला जायचंय ना? आंघोळ करून घ्या. मी मेनपाशी थांबतो. खटक्यावर हात आहे माझा, नुसती हाक मारा." आणि थांबलात. चांगली वीस मिनिटं. आरसीसीबी बसवल्यावर त्याची गरज नव्हती, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? पण आईचा त्या डब्यावर विश्वास नव्हता. तुम्ही मधूनमधून खाकरत होतात, तिला आत ऐकू जावं म्हणून. मी स्वयंपाकघरात चहा ठेवून ते खाकरणं ऐकत होतो आणि मला माझीच लाज वाटत होती. मी पोटचा पोरगा. महिनाभर "अगं काही होत नाही" एवढंच म्हणत राहिलो.

त्या दिवशी आईने न्हाऊन, नवं लुगडं नेसून यात्रेच्या मिरवणुकीतले सिद्धेश्वराचे नंदीध्वज बघितले. पहाटेच्या फेरीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. शेंगाचटणीचा डबा मात्र घेतलात, तेही आईने डोळे वटारल्यावर.

उन्हाळ्यात आपल्याकडची जमीन कोरडी ठक्क पडते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत जा, असं सांगून गेला होतात. नळाला रोज पाणी येत नाही, तरी ते काम आईने स्वतःकडे घेतलंय. तुळशीला घालून तांब्यात उरलेलं पाणी ती तिकडे नेऊन ओतते.

तुमचा,
जुळे सोलापूरचा, चहा जास्त गोड करणारा