माळ घातली म्हणजे माणूस अडकला?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आषाढी जवळ आली की आमच्या कट्ट्यावर तोच विषय निघतो, वारकऱ्याची तुळशीची माळ घातली की संपलं, मटण बंद, दारू बंद, एकादशी धरा, मग लाईफमध्ये राहिलं काय? तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या कोल्हापुरात हे असं बोलणारच, राग नाही. पण मला उलटंच दिसतंय म्हणून लिहितोय.

आमच्या गल्लीतला एक जण, आधी रोज संध्याकाळी 'बसायला' कोण बोलावतंय त्यावर त्याची रात्र ठरायची, नको म्हटलं तर मित्र तुटणार आणि गेलं तर घरी कटकट. माळ घातली आणि तो विषयच मिटला, आता कोण आग्रह पण करत नाही. मोकळी झालेली संध्याकाळ तो शेजारच्या आजोबांना देतो, त्यांना दिसत नाही, त्यांना तुमचाच पेपर वाचून दाखवतो. सुरुवात निधन वार्तेपासून, आजोबांचा हट्टच तसा! ह्याला अडकणं म्हणायचं काय?

आषाढीला इथून जवळच्या नंदवाळच्या विठ्ठलाला जाणाऱ्या दिंडीत तर बघाच. वाटेत पुईखडीला रिंगणात अश्व पळून गेला की टापेखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते, त्यात एरवी पार्किंगवरनं भांडणारे दोघं एकमेकांच्या पाया पडताना दिसतात, साहेब हमालाबरोबर फुगडी घालतोय, कारण तिथं सगळेच माऊली, स्वतःचा मोठेपणा सांभाळायची ड्युटीच नाही. एवढा हलका माणूस मी लग्नाच्या वरातीत पण बघितला नाही.

आता माळ घालून दुसऱ्याच्या ताटात डोकावणारे पण आहेत, ते मात्र अडकलेलेच. आणि हे सगळं माळेनंच होतं असंही नाही. 2019 ला पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी केव्हाच मागं टाकली होती, तेव्हा पुराच्या पाण्यात उतरलेल्या पोरांच्या गळ्यात काय आहे हे कोण बघत बसलं होतं? दुसऱ्यासाठी जीव टाकणारा कुठल्या देवाचा का असंना, त्याला भीती कमी असते हे आपल्या गावानं बघितलंय.

एक विनंती, यंदा अश्वाच्या आणि पुढाऱ्यांच्या फोटोबरोबर वाटेत खिचडी, चहा वाटणाऱ्यांचा पण एक फोटो छापा. पातेलं रिकामं होईपर्यंत ती माणसं जागची हलत नाहीत, बऱ्याच जणांचं रिंगण बघायचं पण राहून जातं.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर