बढती नको म्हणून सांगितलंय

उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर
रविवार, दुपार

ती. आई आणि आण्णा यांस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगायला जमलं नसतं. फोनवर आईचा गळा दाटतो, आण्णा "बरं बरं" म्हणून फोन तिच्या हातात देतात आणि मग आपण पावसावर बोलत बसतो. म्हणून लिहितेय. आण्णांना अक्षर लागत नसेल तर आई, तू मोठ्यानं वाचून दाखव. पण सगळं वाच, मधलं गाळू नकोस.

बँकेत मला ऑफिसरची बढती मिळत होती हे तुम्हाला माहीत आहेच. ती नको असं मी लिहून दिलंय. कागद वर गेला, मंजूरही झाला. आई, मावशीला आणि सगळ्या गल्लीला तू सांगून बसली आहेस हे मला ठाऊक आहे. तुझ्या आनंदाला माझ्या हातून धक्का लागतोय याचं फार वाईट वाटतंय. पण लिहून दिलंय ते तुम्ही दोघं डोळ्यांपुढं असूनच, पूर्ण विचार करून.

ऑफिसर झाले की पहिली नेमणूक जिल्ह्याबाहेर, तीन वर्षांची. पगार वाढला असता, पण तिकडं खोलीचं भाडं, दर शनिवारची रात्रीची एसटी, इथं ओमसाठी शिकवणी आणि सासूबाईंसाठी बाई हे सगळं धरलं तर हातात फारसं उरत नव्हतं. आम्ही दोघांनी वहीत मांडून बघितलं. ओमची दहावी पुढच्याच वर्षी आहे. एकदा नकार दिला म्हणून कायमचं दार लागत नाही, पुढं पुन्हा बसता येतं. बँकेत मी हीच कारणं सांगितली आणि ती सगळी खरी आहेत. पण तुम्हाला सगळ्यांत मोठं कारण सांगायलाच हवं. मला पिस्तूल सोडायचं नव्हतं. बदलीच्या गावाला नेमबाजीची रेंज असेलच असं नाही, आणि इथं दुधाळीची रेंज घरातून चालत जाण्याजोगी आहे. सकाळी तिथं जाऊन, आंघोळ-डबा करून मी बँकेत वेळेवर पोचते. असं दुसऱ्या गावात जमणार नाही.

"या वयात कशाला?" असं आईच्या तोंडावर आलंच असेल. आई, आपल्या तेजस्विनी सावंतनी 2010 साली म्युनिकला रायफलमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं तेव्हा तूच पेपरातला फोटो कापून कपाटाला आतून चिकटवला होतास. त्याच तेजस्विनी पहिल्यांदा ऑलिंपिकला गेल्या, टोकियोला, तेव्हा चाळीस वर्षांच्या होत्या. हा खेळ पळण्याचा नाही, हात आणि मन एका जागी उभं करण्याचा आहे, आणि ते वयाबरोबर येतं. 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचं सोनं जिंकणारी राही सरनोबतही आपल्या कोल्हापूरचीच. आणि राधानगरीकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे? रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी सांभाळून त्यानं 2024 ला पॅरिसहून कांस्य आणलं, त्या दुपारी आण्णा टीव्हीसमोरून जेवायलाही उठले नव्हते. मी काही ऑलिंपिकला निघाले नाही. मला राज्य स्पर्धेत नीट गुण करून राष्ट्रीय स्पर्धेत एकदा उभं राहायचंय, एवढंच. पण ते मला अगदी मनापासून हवंय.

आण्णा, तुम्ही विचारलं होतं की यात असं करायचं तरी काय असतं. तेव्हा पाहुणे होते म्हणून सांगता आलं नाही, आता सांगते. दहा मीटरवर कागद. त्यात मधला दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा, म्हणजे तुमच्या सदऱ्याच्या बटणाएवढा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. पिस्तूल एकाच हातानं धरायचं, दुसरा हात खिशात. पंचाहत्तर मिनिटांत साठ शॉट, एकूण 600 गुण. माझे 550 च्या आसपास अडकलेत, कारण शेवटच्या वीसेक शॉटना खांदा भरून येतो. आणि तुम्हाला आवडेल असं एक सांगते. स्पर्धेआधी पंच पिस्तुलाच्या ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन अडकवून पिस्तूल सरळ वर उचलतात. वजन उचललं जाऊन ट्रिगर तसाच राहिला तर ठीक, तेवढ्यानं सुटला तर ते पिस्तूल चालत नाही. तिथं उभी असले की मला दर वेळी तुमचा चांदीकामाचा तराजू आठवतो आणि धीर येतो.

डोळ्याचं तर आणखी वेगळंच. लांबचा कागद आणि जवळची फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, दोन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. म्हणून कागद धूसरच ठेवायचा आणि नजर साइटवर रोखायची. हात हलतोच, कितीही सराव केला तरी थोडा हलतो. तो थांबवायला जायचं नाही, हलत्या हातानंच ट्रिगर सरळ मागं दाबत राहायचं. शॉट सुटल्यावरही लगेच हात खाली नाही, क्षणभर तसंच थांबायचं. आणि मनासारखं जमलं नाही तर उचललेला हात शॉट न मारता खाली घ्यायचा. हे सगळ्यांत अवघड. आमचे सर म्हणतात, हात खाली घेता येतो तोच पुढं जातो.

आणि हे मला थोडंफार जमतं ते कुठून आलं, ते मला पक्कं माहीत आहे. मी शाळेतून येऊन दारातूनच हाक मारायची. तुमच्या तोंडात फुंकणी, ज्योत पैंजणाच्या कडीवर. तुम्ही डावा हात नुसता वर करायचा, थांब म्हणून. डाख वितळून फटीतून सरसर धावला की मगच मान वळवायचा आणि म्हणायचा, "काय गं चिमणे?" जोड मनाजोगता आला नाही तर तो तुकडा बाजूला ठेवायचा, कितीही घाईची ऑर्डर असली तरी. आणि आई, रात्री जेवणं उरकून तू घुंगरू ओवत बसायचीस, मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची, आणि मला जाग येऊ नये म्हणून तुझा हात इतका हळू चालायचा की घुंगरं वाजायचीच नाहीत. तुम्हा दोघांचे हात माझ्या हातात आलेत.

इथली रोजची धावपळ तुम्हाला माहीत आहे. पहाटे मी मागच्या खोलीत पांढऱ्या भिंतीसमोर रिकाम्या पिस्तुलानं सराव करते. तेवढ्यात नळाला पाणी येतं, सासूबाईंना चहा हवा असतो, ओमचा एक मोजा सापडत नाही. आधी मी चिडायची. आता पिस्तूल पेटीत ठेवते, काम करून येते आणि पुन्हा पहिल्यापासून धरते: पाय, खांदा, मनगट, श्वास. मार्चअखेरीला बँकेत रात्री नऊ वाजतात, तेव्हा रेंज नाही, नुसता हात उचलून धरायचा तेवढा सराव. परवा रेंजवर शाळेतून फोन आला, ओमला ताप. सगळं आवरून निघाले. ताप उतरल्यावर संध्याकाळी त्याच्या उशाशी बसून मनातल्या मनात शॉट मारले. हेही सरावातच धरतात. घर सोडून मी काही करत नाही, हे लक्षात असू द्या. हे तर मला दुधाच्या, भाजीच्या कामाला हातही लावू देत नाहीत सकाळी. जावई चांगला शोधलात.

आई, तुझी धास्ती पिस्तूल घरात असण्याची. हे दारूचं नाही, दाबलेल्या हवेवर चालतं. पेटीला कुलूप आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. छर्रे घरी आणतच नाही, ते रेंजवरच्या कपाटात. नळीत केशरी दोरी घालून ठेवते, म्हणजे आत काही नाही हे कुणालाही लांबून दिसतं. छर्रे शिशाचे असतात म्हणून साबणानं हात धुतल्याशिवाय मी घोटभर पाणीही पीत नाही. पिस्तूल घ्यायला कर्ज काढलं नाही, भिशीचे आणि बोनसचे पैसे होते. आता तरी झोप नीट लागू दे तुला.

आता आण्णांच्या डोळ्याचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मी घेऊन टाकलीय. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही "दिवाळीची गर्दी सरू दे" म्हणाला असता, आणि हे गेली दोन वर्षं चाललंय. राज्य स्पर्धा बालेवाडीला आहे. ती आटोपून मी परत आले की त्यानंतरचा सोमवार. मी माझ्या सोयीनं तुमचा डोळा मागं ढकलतेय असं मनातही आणू नका. डॉक्टरांना आधी स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, एवढ्या दिवसांनी काही बिघडत नाही, साखर ताब्यात ठेवा. आणि मला तेव्हा पूर्ण आठवडा रजा मिळतेय, सगळे थेंब मी माझ्या हातानं घालीन. सकाळचे दोन तास फक्त रेंजवर असेन, तेवढा वेळ हे घरी आहेत.

खालची खोली तुमच्यासाठी लावून घेतलीय, जिना चढायला नको. आईच्या गुडघ्यासाठी कमोड बसवलाय आणि शेजारी भिंतीला धरायला दांडी. गादी कापसाचीच आहे, पिंजून घेतली. पंखा आवाज करत होता, तो बदलला. गंगावेशच्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध समोर काढलेलं आणायला हे रोज जातील, आण्णांना दुसरं चालत नाही हे त्यांना पाठ आहे. टीव्ही चार दिवस बेतानं, पण रेडिओ उशाशी ठेवते. डोळा बरा झाला की सकाळच्या वेळी अंबाबाईला जाऊ, गर्दी नसताना. सासूबाई आत्तापासून आईची वाट बघताहेत.

आण्णा, हे नीट ऐका. येताना साखरेचे जुने रिपोर्ट आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी आणा, डब्यात ओतून नको. ऑपरेशननंतर डोळ्याला पाणी लावायचं नाही, चोळायचा नाही, खाली वाकून काही उचलायचं नाही. भट्टीजवळ तर डॉक्टर सांगतील तोवर पाऊलही टाकायचं नाही. अर्धवट राहिलेली ऑर्डर दादाच्या मित्राकडं द्या, तो तुमच्याच हाताखाली तयार झालाय. आई, तू त्यांना आडून चहात साखर घालून देतेस ते मला माहीत आहे. रागावत नाही, पण या महिन्यात नको. तुझा गुडघ्याचा पट्टा घालून ये, पिशवीत घालून नको. लसणाची चटणी मात्र आण, माझ्या हातची तशी होत नाही.

एसटीनं यायचं नाही. रविवारी सकाळी हे गाडी घेऊन हुपरीला येतील, दहा वाजता तयार राहा. जेवण इकडंच.

खंडेनवमीला मी पिस्तूल घेऊन येईन. तुमच्या ऐरणीशेजारी, फुंकणीशेजारी ठेवून पूजा करा, आई हळदकुंकू लावेल. नळीवर नको, पेटीवर लाव म्हणजे झालं.

मावशीनं बढतीचं विचारलं तर सरळ सांग की पोरीनं स्वतःहून नको म्हटलं, घरच्या सगळ्यांना विचारून. त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि आण्णा, तुम्हाला याचं वाईट वाटलं असेल तर ते आईकडून कळवू नका. इथं आलात की समोर बसवून मला बोला. मी ऐकून घेईन.

तुमची,
चिमणी