आई-बाबा, मृत्युपत्राच्या दिवशी मी येणार नाही

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

आई, फोनवर तू म्हणालीस, "वकीलबाईंकडे जायचं त्या दिवशी तू असलीस की मला धीर येईल." मी 'बघते' म्हणून विषय टाळला. खरं म्हणजे बघायचं काही राहिलेलं नाही. दादा आणि मी बोलून ठरवलंय. सह्या व्हायच्या दिवशी मी साताऱ्यात नसेन आणि दादा तिकडून फोनही करणार नाही. लगेच डोळ्यांत पाणी आणू नकोस, आधी कारण ऐकून घे.

मृत्युपत्राला पुढे कोणी आव्हान दिलं तर तो कागद कसा झाला हे कोर्ट बारकाईने बघतं. ज्याला मालमत्ता मिळणार त्यानेच वकील आणला का, मजकूर त्यानेच सांगितला का, सह्यांच्या वेळी तो शेजारी उभा होता का. सर्वोच्च न्यायालयाने 1958 साली वेंकटचला अय्यंगार खटल्यात सांगून ठेवलंय की लाभ घेणाराच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढे असेल तर ती संशयाची जागा ठरते, आणि संशय दूर करायची जबाबदारीही त्याच्यावर येते. आजही कोर्टात हा निकाल पुढे ठेवतात. अप्पाकाकांच्या वेळी काय काय बोललं गेलं ते मी तुम्हाला सांगायला नको. बाबांच्या सहीबद्दल तसं एक अक्षरही कोणी बोललेलं मला सहन होणार नाही. म्हणून मी लांब राहतेय, दुसरं काही मनात नाही. वकिलांची दोन-तीन नावं मी दिली तेवढं पुरे झालं. निवड तुम्ही केलीत, फी बाबांच्या चेकने द्या, माझ्या खात्यातून रुपयाही नको.

तुमची गैरसोय होणार नाही. नेहमीचे रिक्षावाले काका सकाळी साडेदहाला दारात येतील आणि काम होईपर्यंत थांबतील. सुमनताई बाबांचा मऊ भात आणि तुझी भाकरी डब्यात देईल. पाण्याच्या दोन बाटल्या, बसायला ती निळी उशी, हे सगळं तिला सांगून ठेवलंय. दुय्यम निबंधक कार्यालयात नंबर यायला वेळ लागला तर ताटकळत उभं राहू नका, रिक्षातच बसा. आणि बाबांना त्या दिवशी बरं नसेल तर ओढत नेऊ नकोस. आजारी, अशक्त माणसाच्या घरी अधिकाऱ्याने येऊन नोंदणी करायची सोय नोंदणी कायद्यातच आहे. वकीलबाई तसा अर्ज देतील.

बाबा, आता तुमच्याशी. तुमच्या डायरीत सगळं लिहिलेलं आहे हे मला माहीत आहे, आणि तुमच्या अक्षरातलं आहे म्हणून ते मला प्रिय आहे. पण कायद्याला ते पुरत नाही. हाताने लिहिलेलं चालतं, साधा कागद चालतो, स्टॅम्पपेपर लागतच नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कच नाही. अडतं ते साक्षीदारांपाशी. तुम्ही सही करताना बघितलेले, किंवा 'ही माझी सही' असं तुमच्या तोंडून ऐकलेले दोन साक्षीदार हवेत आणि त्या दोघांनी तुमच्यासमोर सह्या केलेल्या हव्यात. डायरीच्या पानावर साक्षीदार नाहीत, त्यामुळे ते पान म्हणजे तुमची इच्छा आहे, मृत्युपत्र नाही. नोटरीचा शिक्का मारून आणला तरी साक्षीदारांची उणीव भरून निघत नाही. डायरी वकीलबाईंना जरूर दाखवा, मजकूर तिथूनच घेता येईल.

साक्षीदार म्हणून तुम्ही जोशीकाकांचं नाव घेतलंत. माणूस सोन्यासारखा, पण वयाने तुमच्याहून मोठा. मृत्युपत्र शाबित करायची वेळ येते तेव्हा निदान एक साक्षीदार कोर्टात उभा करावा लागतो. म्हणून साक्षीदार तुमच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, पत्ता सहसा न बदलणारे आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे हवेत. डॉक्टरकाकांचा मुलगा आणि शेजारची शिक्षिका प्रज्ञा हे दोघं मला योग्य वाटतात, पुढे तुम्ही ठरवा. दोघांची ओळखपत्रं मूळ प्रतीसकट बरोबर असू द्या.

सहीचं थोडं सविस्तर लिहिते. तुमची ती लांब शेपटीची सही मी पाचवीत असताना वहीच्या मागच्या पानावर गिरवून बघायचे, कधी जमली नाही. आता हात थरथरतो म्हणून ती बँकेतल्या सहीशी जुळत नाही, आणि वाद घालणारा नेमकं तिथेच बोट ठेवतो. त्यावर उपाय आहे. प्रत्येक पानावर सही करा आणि शेवटच्या पानावर सहीखाली डाव्या हाताचा अंगठाही उमटवा. डॉक्टरकाकांकडून त्याच तारखेचा दाखला घ्या. 'प्रकृती ठीक आहे' एवढं त्यात नको. कंपवातामुळे हात थरथरतो पण समज पूर्ण शाबूत आहे, स्थळकाळाचं भान आहे, वाचलेलं समजतं, असं स्पष्ट हवं, खाली त्यांचा नोंदणी क्रमांक हवा. गोळी घेतल्यावर साधारण तासाभराने तुमचा हात शांत असतो, तेव्हा सह्या त्याच वेळेला ठेवा. कुठे खाडाखोड झाली तर तिथे तुमची आणि साक्षीदारांचीही सही लागते, त्यापेक्षा ते पान पुन्हा छापून घ्या. आणि कानातलं यंत्र लावूनच जा. 'स्वखुशीने केलंय ना?' असं अधिकारी विचारतील, त्याचं उत्तर तुम्हीच द्यायचं. आई, तू मध्ये बोलू नकोस. सवय आहे तुला.

नोंदणी सक्तीची नाही, तरी कराच. फोटो आणि अंगठा तिथेच घेतात, त्यामुळे हा माणूस इथे आला होता हे नंतर कोणाला नाकारता येत नाही. तालुक्याच्या ऑफिसातून गावभर होईल ही तुझी भीती मला कळते, आई. मृत्युपत्रं वेगळ्या पुस्तकात, तीन नंबरच्या, नोंदवतात. करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला सोडून कोणालाही देत नाहीत. खरेदीखतासारखं कोणीही जाऊन बघू शकत नाही. मन बदललं तर कितीही वेळा नवं करता येतं, तारखेने शेवटचं असेल ते खरं. पहिल्याच परिच्छेदात 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द' हे वाक्य आहे ना, बघून घ्या.

कुणाला काय द्यावं यावर मी बोलणार नाही. फक्त एका बाबतीत बोलते, कारण त्यात माझा वाटा कमीच होतो. घर बाबांच्या एकट्याच्या नावावर आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने आई, दादा आणि मी यांचे सारखे हिस्से पडतात. म्हणजे जे घर आईने उभं ठेवलं त्यात तिचा एक तृतीयांश. उद्या तिच्या औषधपाण्यासाठी घर विकायचं तर माझी सही हवी आणि अमेरिकेतून दादाची. बाबा, तुम्ही म्हणालात की 'आईला हयातीपर्यंत राहायचा हक्क' असं लिहू. तसं करू नका. नुसता राहायचा हक्क असला तर तिला घर विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, आपल्याच घरात ती पाहुणी होते. आईला मालकी हक्काने द्या. 'आईला पूर्ण मालकीने आणि तिच्यानंतर मुलांना' असं एकाच वाक्यात तर मुळीच नको, त्या वाक्याच्या अर्थावरून वर्षानुवर्षं दावे चालतात. तिच्यानंतरचं तिच्या मृत्युपत्रात ती लिहील. म्हणून दोघांची मृत्युपत्रं वेगळी हवीत, एकाच कागदावर दोघांचं नको. ज्याला द्यायचं तो आधी गेला तर काय, हेही दोन्हींत लिहा.

पुण्याचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, म्हणजे एकानंतर तो आपोआप दुसऱ्याचा होईल असं धरून चालू नका. बाबांचा अर्धा हिस्सा वारसाहक्कानेच जाईल, तो मृत्युपत्रात यायला हवा. बँकेतलं 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' हेही फक्त बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे एवढंच ठरवतं. नॉमिनीचंही तसंच. नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांसाठी सांभाळणारा असतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. सोसायटीतही नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घेतात, मालकी वारसांचीच. तरी सगळीकडे नॉमिनी लावाच, नाहीतर पैसे अडकतात, आणि नॉमिनीची नावं मृत्युपत्राशी जुळती ठेवा. भांडणं बहुतेक तिथेच उगवतात. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्के मात्र मिळून शंभर भरायला हवेत.

गावची जमीन वडिलोपार्जित आणि सामाईक आहे. बाबांना फक्त त्यांच्या हिश्श्यापुरतं लिहिता येईल, तेव्हा 'माझ्या हिश्श्याची' हे शब्द राहू देऊ नका. आजोबांच्या खरेदीखतात जुना सर्व्हे नंबर आहे, आताच्या सातबाऱ्यावर गट नंबर. दोन्ही लिहा, आणि क्षेत्र हेक्टर-आरमध्ये उताऱ्यावर आहे तसंच उतरवा. आकडा जुळला नाही तर फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांचं नाव लावायच्या वेळी तलाठी कागद परत करतात. फेरफाराची नोटीस सगळ्या हितसंबंधितांना जाते आणि हरकत आली की ती तक्रारी नोंद होऊन सुनावणीला लागते, हे गावात आपण बघितलंय. दादा तिकडचा नागरिक झाला म्हणून त्याला जमीन मिळणार नाही असं वहिनीच्या माहेरी कोणी म्हणालं, ते चूक आहे. त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मिळू शकते.

बाबा, प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घ्यायची काळजी करू नका. मुंबईतल्या मृत्युपत्रांना आणि मालमत्तेला त्याची सक्ती होती, सातारा-पुण्यात आपल्याला नव्हतीच. आणि 2025 च्या शेवटी संसदेने उत्तराधिकार कायद्यातलं ते 213 कलमच काढून टाकलं. वाद निघाला तर कोर्टात जावं लागेल, पण त्यासाठीच तर एवढा खटाटोप.

तुम्ही आत्ताच घर माझ्या नावावर बक्षीसपत्राने करून टाकायचं म्हणत होता. नको. मुद्रांक शुल्क नाममात्र पडतं म्हणून पुष्कळ जण तो रस्ता धरतात, पण बक्षीसपत्र मनासारखं परत फिरवता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात 'सांभाळ करीन' ही अट असेल आणि ती मोडली तर ते रद्द करून घेता येतं, पण त्यासाठी आई-वडिलांनी मुलांविरुद्ध अर्ज करायचा! माझ्यावर विश्वास आहे हे मला माहीत आहे. तरीही घर शेवटपर्यंत तुमच्याच नावावर राहू दे. घरपट्टीवर बाबांचं नाव बघायला मला आवडतं. मुखत्यारपत्रावरही विसंबू नका, माणूस गेला की ते संपतं.

आई, तुझे दागिने ही तुझी मालमत्ता, त्यात बाबांचंही चालत नाही. 'मोठे तोडे' असं मोघम लिहू नकोस. सराफाकडून वजनाची चिठ्ठी करून घे आणि ठुशी, मोहनमाळ, पाटल्यांची जोडी असं एकेक नग वजनासकट लिही. ठुशी वहिनीला द्यायची तुझी इच्छा आहे ना? दे. मला खरंच त्यात काही वाटत नाही, माझ्याकडे लहानपणीच्या तुझ्या त्या हिरव्या बांगड्या आहेत. शेवटी 'याशिवाय माझी जी काही मालमत्ता निघेल ती' असं एक कलम दोघांच्याही मृत्युपत्रात घाला. बाबांचे कागदी शेअर्स अजून ट्रंकेत आहेत. सलग सात वर्षं लाभांश न घेतलेले शेअर्स सरकारी निधीत जमा होतात, आणि तिथून परत मिळवायला फार फिरावं लागतं. ते डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी संगणकावरच्या खात्यात करून घ्यायचं काम मृत्युपत्रानंतर लगेच काढू.

बाबा, नळ्या-व्हेंटिलेटरबद्दल तुम्ही जे सांगितलं होतंत ते मृत्युपत्रात लिहू नका. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, तोवर त्याचा उपयोग संपलेला असतो. त्यासाठी वेगळं वैद्यकीय इच्छापत्र असतं. 2023 पासून ते सोपं झालंय, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. ते करायला घाई नाही. मी पुढच्या महिन्यात येईन तेव्हा शांतपणे बोलू, नको वाटलं तर नाही बोलणार.

मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायलाच कागद मागतात आणि कागद आत. गोदरेजच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, एक झेरॉक्स वकीलबाईंकडे असू दे. अंमलबजावणी करणारा म्हणून माझं नाव घालायचं असेल तर हरकत नाही, लाभार्थ्यालाही ते करता येतं, पण मला जमलं नाही तर म्हणून आणखी एकाचं नावही टाका.

मसुदा मराठीतच मागा आणि आई, तू स्वतः चष्मा लावून शेवटपर्यंत वाच. न कळलेल्या ओळीवर पेन्सिलने खूण कर, वकीलबाईंना विचार, लाजू नकोस. साखर तपासून घ्यायची राहिलीय, ती याच आठवड्यात. त्या दिवशी संध्याकाळी फोन करा. काय लिहिलं ते सांगू नका, दगदग किती झाली आणि बाबा नीट जेवले का तेवढं सांगा.

तुमची,
छकुली